बार उघडण्याआधी आठवड्याचा आकडा काढा

बारच्या धंद्याकडे बाहेरून बघणाऱ्याला एकच गोष्ट दिसते: बाटली दुकानात केवढ्याला मिळते आणि तीच पेगापेगाने टेबलावर केवढ्याला जाते. मग कागदावर गुणाकार होतो, डोळे चमकतात आणि जागा बघायला सुरुवात होते. मी बारचे हिशेब आणि स्टॉक बघतो. माझ्याकडे येणारे बरेच नवे लोक हाच कागद घेऊन येतात. त्यांचा गुणाकार चुकलेला नसतो, फक्त त्यात रिकामा मंगळवार धरलेला नसतो.

खर्च सातही दिवस चालू असतो आणि विक्री मुख्यतः दोन-अडीच रात्रींत होते. भाडं वाढलं, मद्यावरचा कर वाढला, वीज महागली, लोक घरीच प्यायला लागले, यातला कुठलाही ताण आधी त्या रिकाम्या दिवसांवर येऊन बसतो. नव्या माणसाबरोबर मी ज्या क्रमाने बसतो, त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे. क्रम बदलू नका. लोक मेन्यूपासून सुरुवात करतात आणि भाड्यापाशी येऊन अडकतात.

पायरी १: पक्का खर्च आठवड्यात मोडा

एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी जे द्यावंच लागतं, ते सगळं एका कागदावर घ्या. भाडं, कायम माणसांचे पगार, कर्जाचा हप्ता, विमा, विजेचा किमान भार, कचरा उचलण्याचे पैसे, संगीत वाजवायच्या परवानगीची फी, हिशेबनिसाचे पैसे. वर्षाला एकदाच भरायची परवाना फी ५२ ने भागून त्यात घाला. दुरुस्तीसाठी काहीतरी रक्कम धराच, कारण बर्फाचं मशीन नेमकं गर्दीच्या रात्री बंद पडतं. आणि तुमचा स्वतःचा पगार लिहा. तो न लिहिता निघालेला नफा म्हणजे तुमची फुकटची मजुरी.

महिन्याऐवजी आठवडा का? एका महिन्यात चार शनिवार येतात, दुसऱ्यात पाच. पाच शनिवारांच्या महिन्यात धंदा वाढल्यासारखा वाटतो, माणूस नवीन सोफे घेतो आणि पुढच्या महिन्यात डोक्याला हात लावून बसतो. माणसांच्या ड्यूट्या आठवड्यावर लागतात, मालही बहुतेक आठवड्यावर येतो, म्हणून हिशेबही आठवड्याचाच ठेवा.

आता आकडे बघू. समजा पक्का खर्च आठवड्याला ८४ आहे (हजार, लाख, जे तुमचं असेल ते). कर वगळून १०० च्या विक्रीत माल ३० चा जातो, हातात ७० राहतात. म्हणजे ८४ भागवायला १२० ची विक्री हवी. तुमची विक्री १३० आहे असं धरू. हातात राहिले ९१, त्यातून ८४ गेले, नफा ७. ठीक चाललंय.

विक्री फक्त १० टक्क्यांनी घटली, म्हणजे ११७ झाली, की हातात साधारण ८२ राहतात. नफा ७ चा तोटा २ झाला. विक्री तेवढीच राहिली आणि माल ३० चा ३३ झाला, तर नफा ७ वरून ३ वर येतो. दोन्ही एकदम झालं तर तोटा साडेपाचच्या वर जातो. बार भरलेला दिसत असताना बंद कसा पडला, असं लोक विचारतात तेव्हा मी हेच चार आकडे मांडून दाखवतो. तुमचे खरे आकडे घालून हा तक्ता करा आणि तो बघूनही झोप लागत असेल तरच पुढच्या पायरीवर या.

पायरी २: गल्ल्यातले सरकारचे पैसे त्याच रात्री वेगळे काढा

मद्यावर दोन तऱ्हेचे कर असतात आणि ते दोन वेगळ्या दारांनी येतात. उत्पादन शुल्क बाटली तुमच्याकडे येण्याआधीच किमतीत बसलेलं असतं. ते वाढलं की तुमचा माल महागतो, तुमची विक्री काहीही असो. काही देशांत ते मद्याच्या तीव्रतेवर ठरतं. ब्रिटनने १ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या मद्यांसाठी तशी रचना आणली आणि टॅपवरून विकल्या जाणाऱ्या बिअरला थोडी सवलत ठेवली. तुमच्याकडे कुठला नियम आहे ते आधी शोधा, कारण कमी तीव्रतेचा माल ठेवणं तुमच्या फायद्याचं आहे की नाही, हे त्यावरून कळतं.

दुसरा कर विक्रीवरचा. तो गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो, तुमच्या गल्ल्यात काही दिवस मुक्काम करतो आणि भरणा करायची तारीख आली की जातो. मधल्या काळात तो आपलाच वाटतो. कर २० टक्के असेल आणि बिल १२० चं असेल, तर त्यात सरकारचे २० आहेत, म्हणजे बिलाचा सहावा भाग. नवखे १२० चे २० टक्के काढून २४ धरतात किंवा मग काहीच धरत नाहीत. दुसरी चूक जास्त महागात पडते. वेगळं बँक खातं उघडा आणि रोजच्या विक्रीतला तो भाग रात्रीच वेगळा काढून दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे टाका. करासाठी ठेवलेल्या पैशांतून डिस्ट्रिब्यूटरचं बिल भागवणारे बार मी पाहिले आहेत. एकदा सवय लागली की सुटत नाही.

पायरी ३: जागेचा करार वकिलाला दाखवा, पण प्रश्न तुम्ही विचारा

भाडं किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याहून महत्त्वाचे पुढचे: भाडं कधी आणि कशाच्या आधारावर वाढणार? छताची, गटाराची, वायरिंगची दुरुस्ती कोणाकडे? मुदतीच्या आत बाहेर पडायची सोय आहे का, आणि नोटीस किती महिन्यांची? तुम्ही स्वतः जामीन राहिला आहात का? म्हणजे धंदा बुडाला तर घरावर येणार का?

आणि एक प्रश्न फक्त याच धंद्यातला: माल अमुक एकाकडूनच घ्यायची सक्ती आहे का? ब्रिटनमध्ये हे जुनं दुखणं आहे. तिथले बरेच पब बिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचे असायचे आणि चालवणाऱ्याला त्यांचाच माल घ्यावा लागायचा. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअरींच्या मालकीवर मर्यादा आणली. त्यांनी पब विकले, ते मोठमोठ्या पब-कंपन्यांनी घेतले आणि सक्ती बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली, फक्त मालक बदलला. शेवटी २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी सक्ती असलेले ५०० किंवा त्याहून जास्त पब असणाऱ्या कंपन्यांसाठी नियमावली आली. त्यात मालाची सक्ती न घेता नुसतं बाजारभावाने भाडं देण्याचा पर्याय मागता येतो. तुम्ही कुठेही असा, धडा तोच: भाडं स्वस्त आणि माल एकाच पुरवठादाराशी बांधलेला असेल, तर भाड्याचा उरलेला भाग तुम्ही बाटलीतून भरताय. बाहेरच्या डिस्ट्रिब्यूटरचा भाव आणि बांधलेला भाव यांतला फरक आठवड्याच्या खपाने गुणा आणि तो भाड्यात मिळवा. खरं भाडं ते.

सजावटीवर मी दोनच वाक्यं लिहितो. भिंतीत घातलेला पैसा करार संपला की घरमालकाचा होतो. टेबलं, फ्रीज, ग्लास तुमच्याबरोबर येतात.

पायरी ४: बाटली वजनावर ठेवा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण भाडं आणि कर तुमच्या हातात नसतात, गळती असते.

३० मिलीच्या मापाने ७५० मिलीच्या बाटलीतून २५ पेग निघायला हवेत. बारटेंडरचा हात सैल असेल आणि दरवेळी ३५ मिली पडत असेल, तर २१ च निघतात. चार पेग, म्हणजे बाटलीच्या विक्रीतला १६ टक्के भाग, आणि कोणी चोरी केलेली नाही. गिऱ्हाइकालाही कळलेलं नसतं, त्यामुळे ते खूशही होत नाही. माप वापरायची सक्ती करा. गर्दीत माप वापरल्याने वेळ जातो ही तक्रार येईल. माप वापरायची सवय झालेला माणूस हाताने ओतणाऱ्याइतकाच भरभर काम करतो.

आता मोजणी. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी, बार उघडण्याआधी. किचनमधला डिजिटल काटा घ्या. प्रत्येक ब्रँडची एक रिकामी बाटली, झाकणाशिवाय, एकदाच वजन करून वहीत लिहून ठेवा. ४० टक्के तीव्रतेच्या मद्याचं १ मिली म्हणजे साधारण ०.९५ ग्रॅम. अर्धवट बाटलीचं वजन ७८० ग्रॅम भरलं आणि रिकामी ४९५ ची असेल, तर आत २८५ ग्रॅम आहे. ०.९५ ने भागलं की ३०० मिली, म्हणजे १० पेग. डोळ्याने बघून ‘अर्धी आहे’ असं लिहू नका. बाटलीचा खांदा निमुळता असतो, डोळा फसतो. गोड लिकरचं वजन वेगळं असतं, त्यात साखर असते, तिथे मापाने एकदा ओतून बघा. मग मागचा शिल्लक स्टॉक अधिक आलेला माल वजा आजचा शिल्लक, हा झाला खरा खप. बिलिंग मशीनवरच्या बिलांशी तो ताडून पाहा.

एका ठिकाणी व्होडकात आठवड्याला सात पेगांचा फरक येत होता. मालकाने नव्या पोरावर संशय घेतला, कॅमेरा लावायची भाषा सुरू झाली. मी म्हटलं, दोन आठवडे काउंटरवर एक वही ठेवा, फुकट दिलेला, सांडलेला, परत आलेला प्रत्येक ग्लास त्यात लिहा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वही उघडली. सातपैकी पाच पेग मालकाच्या मित्रांचे होते, खुद्द मालकाने ‘अरे घे रे’ म्हणून पुढे केलेले. पोरगा त्या बारमध्ये अजून आहे. मित्रांना पाजायला हरकत नाही, पण बिल बनवा आणि ते मालकाच्या खात्यावर टाका.

पायरी ५: टॅपवरची बिअर घ्यायची तर फेसाचा हिशेब शिका

५० लिटरच्या केगमधून (बिअरच्या धातूच्या पिंपातून) ५६८ मिलीचे ८८ पाइंट निघतात, असं भागाकार सांगतो. प्रत्यक्षात पहिला फेस, लाइन (केगपासून टॅपपर्यंतची नळी) धुताना जाणारी बिअर, केग बदलताना उडणारी, असं करत चार-पाच ग्लास सहज जातात. लाइन आठवड्या-दोन आठवड्यांनी धुवावीच लागते. ते वाचवलं तर बिअरला आंबूस वास येतो आणि गिऱ्हाईक दुसरा ग्लास मागत नाही. फेस जास्त येत असेल तर आधी तापमान बघा, मग गॅसचा दाब, मग ग्लास. तेलकट किंवा गरम ग्लास हे निम्म्या तक्रारींचं मूळ असतं, निदान माझ्या पाहण्यात तरी.

पिंपातच आंबणं पूर्ण होणारी जिवंत बिअर, म्हणजे कास्क एल, ठेवायचा मोह आवरा. ती एकदा उघडली की साधारण तीन दिवसांत संपवावी लागते. ७२ पाइंटचं पिंप (फर्किन) तीन दिवसांत संपत नसेल, तर निम्म्या मापाचं (पिन) मागा किंवा तो टॅपच ठेवू नका. बारा टॅप दिसायला भारी वाटतात, पण मंगळवारी बाराही लाइनींत उभी असलेली बिअर तुमच्याच पैशाची असते. सुरुवातीला चार पुरे.

आणि गॅस. २०१८ च्या उन्हाळ्यात युरोपात खतासाठी अमोनिया बनवणारे बरेच कारखाने देखभालीसाठी एकाच सुमारास बंद होते. कार्बन डायऑक्साइड हे त्यांचंच उप-उत्पादन, त्याची टंचाई झाली, आणि तीही फुटबॉलचा विश्वचषक चालू असताना. बिअर होती, पण ती टॅपपर्यंत ढकलणाऱ्या गॅसची ओढाताण. एक जास्तीचा सिलिंडर भरून ठेवा, त्याची अनामत रक्कम जिवावर आली तरी.

पायरी ६: सवलत देण्याआधी भागाकार करा

रिकामा मंगळवार बघवत नाही, म्हणून नवा मालक पहिला उपाय करतो तो सवलतीचा. १०० ची वस्तू, त्यात माल ३० चा, म्हणजे सुटतात ७०. २५ टक्के सूट दिली की ७५ मिळतात, सुटतात ४५. पूर्वीइतकेच पैसे सुटायला ५६ टक्के जास्त ग्लास विकले पाहिजेत. ‘एकावर एक फुकट’ म्हणजे दोन ग्लासांचे १०० मिळतात, माल ६० चा जातो, ४० सुटतात. जो माणूस तसाही दोन ग्लास पिणार होता, त्याच्याकडून १४० सुटले असते. बऱ्याच ठिकाणी अशा योजनांवर कायद्यानेही बंधनं आहेत, तेही आधी तपासा.

सवलत दिलीच तर ती नव्या माणसाला आत आणणारी हवी, बसलेल्याला स्वस्तात पाजणारी नको. क्विझ, खेळ, थोडं गाणं-बजावणं यांचा खर्च ठरलेला असतो, सवलतीचा नसतो.

उलट दर वाढवायला लोक घाबरतात. माल तेवढाच राहून दर ५ टक्के वाढवला तर ७० च्या जागी ७५ सुटतात. म्हणजे साडेसहा टक्के ग्लास कमी खपले तरी तुम्ही होता तिथेच आहात. वर्षातून एकदा घसघशीत वाढवण्यापेक्षा माल महागला की लगेच, थोडं, आणि सगळ्याच वस्तूंवर न वाढवता वाढवा. ज्या एका बिअरच्या दरावरून लोक तुमचा बार स्वस्त की महाग ठरवतात, तिला शेवटी हात लावा.

पायरी ७: माणसं आणि मीटर

माल आणि पगार मिळून विक्रीच्या ६०-६५ टक्क्यांच्या आत ठेवा, असा धंद्यातला जुना ठोकताळा आहे. तो पाळायचा तर ड्यूटीचा तक्ता दिवसावर न लावता तासावर लावा. मशीनमधून तासागणिक विक्री काढा. सहा ते आठ दोन माणसं उभी आणि दहा वाजता तेवढीच दोन धावताहेत, असं असेल तर ड्यूट्या सरकवा, माणसं काढू नका. अनुभवी माणूस सोडून गेला की नवा तयार होईपर्यंत फुटलेले ग्लास, चुकलेली बिलं आणि निघून गेलेली गिऱ्हाइकं यांचा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही.

विजेसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. रात्री शटर ओढताना मीटरचा फोटो काढा, दुसऱ्या दिवशी उघडताना पुन्हा काढा. एकही ग्लास न विकता किती युनिट गेले ते कळेल. कोल्ड रूम आणि बिअरचे कूलर चालू राहणारच. पण नुसत्या पाण्याच्या आणि सोड्याच्या बाटल्यांचा फ्रीज, जाहिरातीचे दिवे, ग्लासवॉशरचा हीटर, भरलेलं बर्फाचं मशीन यांना रात्रभर जागायचं काही कारण नाही. फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालंय का तेही बघा. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज सरकून आला तर रबर बदला.

पायरी ८: न पिणाऱ्याला खुर्ची द्या

दुकानातली बिअर बारपेक्षा स्वस्त असते, ती घरी आणून पिता येते, आणि आयर्लंडने २९ मार्च २००४ ला बारसह कामाच्या बंदिस्त जागी धूम्रपान थांबवल्यापासून एकेक देश त्याच वाटेने गेला, तेव्हा घरी बसायला आणखी एक कारण मिळालं. तरुणांमध्ये न पिणारे किंवा कमी पिणारे अनेक देशांत वाढले आहेत. याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. सहा जणांच्या टोळक्यात एक गाडी चालवणारा आणि एक न पिणारा असतोच, आणि कुठे जायचं हे बहुतेक वेळा तोच ठरवतो. त्याला कोमट कोलाचा कॅन देऊ नका. बिनअल्कोहोलची बिअर आणि नीट बनवलेली दोन-तीन सरबती पेयं मेन्यूच्या पहिल्याच पानावर ठेवा, चांगल्या ग्लासात द्या, दर मान खाली न घालता लावा. सरबतांवर उत्पादन शुल्क नसतं, त्यामुळे सुटणारा वाटा चांगला असतो.

पायरी ९: तेरा आठवड्यांचा तक्ता आणि बाहेरची वाट

नफा कागदावर असतो, पगार रोकडीतून होतात. पुढच्या तेरा आठवड्यांचे तेरा रकाने आखा. वर येणारे पैसे, खाली जाणारे. कार्डाचे पैसे एक-दोन दिवस उशिरा आणि कमिशन कापून येतात, ते तसेच लिहा. करभरणा, परवाना फी, विमा ज्या आठवड्यात आहेत त्या रकान्यात लाल शाईने. रिकामे केग परत गेले की अनामत मिळते, म्हणून ते मागच्या दाराशी साठवू नका. ते तुमचेच अडकलेले पैसे आहेत. दर सोमवारी एक रकाना खोडायचा आणि शेवटी एक जोडायचा.

मार्च २०२० मध्ये जगभर बार एका आदेशाने बंद झाले, तेव्हा विक्री शून्य झाली आणि पायरी १ मधला कागद मात्र तसाच चालू राहिला. त्या कागदावरच्या आकड्याच्या किमान बारा पट रक्कम बाजूला असल्याशिवाय शटर वर करू नका, असं माझं मत आहे. बँकवाले कमी सांगतील. त्यांना हप्ता हवा असतो.

आणि सलग किती आठवडे तोटा झाला की थांबायचं, हे उघडण्याआधीच लिहून ठेवा, घरातल्या एका माणसाला ते दाखवून. तोट्यात असताना प्रत्येकाला पुढचा सीझन बरा दिसतो. करारातून बाहेर पडायच्या नोटिशीची शेवटची तारीख गल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे रोज रात्री रोकड मोजताना ती नजरेखालून जाते.